ताण

डिसेंबरात नवऱ्यानं बगीचा ताणावर सोडला.
ठिबकच्या नळ्या गुंडाळून धुऱ्यावर,
मोटारीचा स्टार्टर बंद.
संत्र्याचं पाणी तोडलं की झाड घाबरतं म्हणे,
पानं वळतात,
आणि मग अंगभर फुलतं.

त्याच आठवड्यात वरुडच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या,
ताण घेऊ नका.

मी पहाटे पाचला धावते.
लग्नाआधी भरतीसाठी धावायचे, आठशे मीटर,
घोरमाडे सरांची शिट्टी,
तीन सेकंदांनी हुकलेली वर्दी.
आता शिट्टी नाही.
कालव्याच्या कडेनं पुलापासून डीपीपर्यंत नि परत,
अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर,
बूट मात्र माझेच.

महिन्याचे दिवस मी पायांनी मोजते.
बाराव्याला पाय हलके.
विसाव्याला छाती जड.
सव्विसाव्याला वेग कमी करते,
कुणी झोपलं असेल तर जागं होऊ नये.
अठ्ठाविसाव्याला कळतं, कुणी नव्हतंच.
एकोणतिसाव्याला मी सगळ्यांत जोरात धावते.

"भरलं गाडगं घेऊन कोनी धावते काय वं?"
सासूबाई विचारतात.
भरू तर द्या आधी, मी मनात.

मागच्या पोळ्याला पाच आठवड्यांचं गेलं
तेव्हा त्यांनी माझे बूट फडक्यात बांधून
माळ्यावर ठेवले, देवाच्या जुन्या फोटोंजवळ.
दिवाळीनंतर मीच काढले.
शिडी त्यांनी धरली होती.

फेब्रुवारीत बगीचा असा फुटला
की वासानं शिवारात कुणाला झोप नाही.
मेडिकलमधली पट्टी मी न्हाणीत
बादलीच्या काठावर ठेवली.
एक रेघ.
मग, विचार करत असल्यासारखी, दुसरी.

सवय असेल तर धावा, बाई म्हणाल्या,
बोलता येईल इतपत.
म्हणून मी बोलत धावते.
हा पूल. हा पळस, पेटलाय बघ.
हे ढोक मास्तरांचं कुत्रं, भुंकतं, चावत नाही.
दम लागला की गप्प,
गप्प झाले की भीती,
म्हणून चालते.
पायांना चालणं अपमान वाटतं.
वाटू दे.

मार्चात फळं वाटाण्याएवढी
आणि झाडाखाली हिरवा सडा.
नवरा सहज बोलून गेला,
"गळतातच. शंभरातले नव्वद झाड सोडून देते,
पेलवतीन तेवढेच धरते."
मग माझ्याकडे पाहून
स्टार्टरची पेटी उगाच उघडली,
बंद केली.

सातवा आठवडा.
ओकारी डीपीच्या अलीकडे, रोज त्याच दगडाशी.
आज पुलावर सासूबाई उभ्या.
मला वाटलं, आता परत माळा.
"लेस सुटली," म्हणाल्या.
मला वाकू दिलं नाही,
स्वतःच बसल्या गुडघा धरत,
आणि गाठ मारली
बैलाच्या दाव्याची,
ओढली की आवळते ती.
"जाय. हळू."

पुलापासून डीपी.
किती सेकंद लागले, आज मोजले नाहीत.
खोटं.
मोजले.