फाटकापर्यंत

दिवसाला तीनशे मेंढ्या कातरल्यावर
जो शीण येतो, तो मला ठाऊक आहे.
कंबर शेडमध्येच राहते, आपण घरी येतो,
हातांना लोकरीची चरबी, मनगटात यंत्राची घरघर.
मगभर चहा, रात्रभर झोप,
की सकाळी अंग पुन्हा आपलं.

एल्सपेथच्या शिणाला झोप पुरत नाही.
सोमवारी केस धुतले
तर बुधवारी तिला उशीवरची मान वळवता येत नाही.
मंगळवारी मात्र बरी असते.
मंगळवारनेच आम्हाला अकरा वर्षं फसवलं.

त्या जुलैत ताप साऱ्या तापानुईला आला होता.
सगळ्यांचा उतरला.
तिचाही उतरला,
गेला नाही.
मग दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर
"अजून पडूनच का?"
आणि त्या 'पडून'मध्ये जे काही असतं ते.

डनेडिनला नेली. जाऊन-येऊन एक दिवस,
त्या एका दिवसाचे नऊ दिवस.
डॉक्टर फेनविक म्हणाले, विषाणू कधी कधी
मरत नाही, दडून बसतो.
मी म्हटलं, म्हणजे हाकाऱ्यात चुकलेली मेंढी;
डोंगरात काटेरी झुडपांआड दोन-दोन हिवाळे काढते,
लोकर इतकी वाढते की डोळे दिसत नाहीत.
ते हसले. "तसंच काहीसं.
फक्त ती वर आहे की नाही,
हेच आम्हाला नक्की ठाऊक नाही."

तरी कुत्रा सोडला.
सकाळी दोन गोळ्या, रात्री दोन,
भांडंभर पाणी, दर पंधरवड्याला रक्त,
मूत्रपिंडं शाबूत आहेत ना ते बघायला.
सरकार या दुखण्यासाठी ती गोळी देत नाही,
म्हणून दोन मेंढे आणि जुना ट्रेलर विकला.
पहिला महिना वाईट गेला.
दुसरा त्याहून.
ती म्हणाली, तुझा कुत्रा मलाच चावतोय.

चौथ्या महिन्यात पडदा बोटभर उघडा मागितला.
मग दोन बोटं.
एका दुपारी मी शेडमधून आलो तर
सिंकपाशी बसून बटाटा सोलत होती,
एकच बटाटा,
पण साल अखंड.
मी ओरडलोच.
"इतक्या मोठ्याने आनंदू नकोस," ती म्हणाली,
आणि कानांवर हात ठेवले.

पाचव्यात फाटकापर्यंत. बासष्ट पावलं.
मी मागे खुर्ची घेऊन,
लग्नात नवरीमागून चालणाऱ्या पोरासारखा.
फाटकाला हात लावला, निळ्या डोंगरांकडे पाहिलं,
म्हणाली, "रंग द्यायला झालाय."
मग आम्ही तिसऱ्या दिवसाची वाट पाहत बसलो.
तिसरा दिवस आला, चहा पिऊन गेला.
तिला काही केलं नाही त्याने.

आता गोळ्या संपल्यात.
आठवड्यातून एखादा दिवस फाटक,
एरवी खाट. पुन्हा तशीच होशील का, विचारत नाही.
फेनविक म्हणतात, गोळीने झालं की आपोआप,
एका माणसावरून सांगता येत नाही.
मला एकाच माणसाचं हवं होतं.

सॉमिलवाल्या डगल्डची पोर, इसोबेल, एकोणीस वर्षांची.
तीच गोळी, तेच डॉक्टर, तेच सहा महिने.
काडीचाही फरक नाही.
काल त्यांच्याकडे लाकडं आणायला निघालो, तेव्हा
एल्सपेथने आतून हाक मारली.
तिची हाक दारापर्यंतच पोचते, मी थांबलो.
"त्यांच्याकडे फाटकाचं बोलू नकोस."

डिसेंबरचं ऊन. पोरीच्या खिडकीवर
आतून ब्लँकेट ठोकलेलं.
डगल्डने विचारलं, कशी आहे ती?
लाकडं चढवत मी म्हणालो,
यंदा लोकर ओली आहे फार,
कातरणी लांबेल बहुतेक.
तो म्हणाला, हो, लांबेल.