सील

उजव्या पंखाखालून आवाज आला
पातेलं फरशीवर फरफटावं तसा,
आणि थांबला.
रिनपुईच्या हातातला कॉफीचा जग हलला नाही.
हलली फक्त नजर, माझ्याकडे.

कॅप्टन बहरुचांनी इंटरकॉमवर सांगितलं:
हायड्रॉलिकचं तेल गेलंय.
चाकं त्यांच्याच वजनानं खाली सोडावी लागतील.
उतरायला पंचवीस मिनिटं.
वाकायची वेळ आलीच तर मी सांगेन.
मी ते सगळं त्यांना परत म्हणून दाखवलं,
नियमच आहे तसा.
शाळेत पाढे म्हणताना यायचा
तोच आवाज आला, पट्टीच्या धाकाचा.

मग ट्रॉल्या कोंबल्या, खटके लावले,
इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं.
मराठीचा कागद आमच्याकडे नसतो.

चौदा-सी वर एक गृहस्थ,
खिशाला पेन, मांडीवर चकलीचा डबा.
"बाई, पंप कोरडा फिरत होता ना मघाशी?
एकतीस वर्षं भोसरीत हेच ऐकलंय.
प्रेशर किती उरलंय?"
मला ठाऊक नव्हतं.
"काका, पट्टा जरा आवळा."
"तो आवळलाय हो.
तुम्ही टेकलात का कुठे मघापासून?"

खाली पुणे होतं.
घिरटी पुरी झाली की पुन्हा तेच पुणे,
खडकवासल्याचं पाणी, संगम, येरवड्याची भिंत,
आणि मग, दाराच्या गोल काचेतून,
धानोरीत आमच्या सी विंगची निळी टाकी.
तीन वर्षं शोधतेय मी ती वरून.
आज विमान एवढं सावकाश वळलं, एवढं खालून,
की दिसली.
झाकण उघडं होतं.

पायाखाली दार उघडल्यासारखा वारा घुमला.
एक धक्का.
दुसरा.
तिसऱ्याला वेळ लागला.
तेवढ्यात रिनपुई तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली,
देवाला की आईला,
मी विचारलं नाही, अजूनही नाही.
तिसरा.

टेकलो. धावपट्टीच्या मधोमध थांबलो,
बाजूला वळायचं बळ पुढच्या चाकात नव्हतं.
लाल गाड्या धावत आल्या.
टाळ्या झाल्या, कुणी रडलं,
आणि कुणी लगेच
वरचा कप्पा उघडून बॅग ओढायला लागलं.
मी ओरडले, मराठीत.
सगळे बसले.

काका शेवटी उतरले.
जिन्याशी थांबून अंगठा आणि बोट जुळवून
त्यांनी एक गोल केला.
"सील गेलं असणार. एवढंसं असतं."
त्या गोलातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं
आणि डबा माझ्या हातात दिला.

फोन चालू केला.
पहिला फोन वॉचमनला.
"पठारे, टाकीचं झाकण उघडं राहिलंय."
"ताई, तुम्ही तर ड्युटीवर ना?
तुम्हाला कसं दिसलं?"

मी चकली मोडत होते.
हात आत्ता कुठे थरथरायला लागले होते.