शाल्मली, ग्राहक संबंध विभाग

शाल्मली साठे नावाचं कुणी
आमच्या ऑफिसात नाही.
कर्वे रस्ता, चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला,
तिथे मी, उदय सर, गुरुवारी हिशेबाला येणाऱ्या पेंढारकर बाई
आणि कटिंग ऑइलच्या नमुन्याच्या बाटल्या.
सर म्हणाले, तौसीफ, खाली नाव असं टाक
की बघणाऱ्यानं मेल उघडला पाहिजे.
मी टाकलं. आडनाव त्यांनीच सुचवलं.
माझं चाललं असतं का,
हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून शाल्मली लिहिते.
दर मंगळवारी सकाळी नऊ दहाला
सहाशे बारा कारखान्यांना एकाच क्षणी:
नमस्कार, पुढे ज्याचं त्याचं नाव,
"आपल्या मशीनची तब्येत कशी आहे?"
कुणी उघडलं नाही तर तीन दिवस थांबते,
मग म्हणते, कदाचित आपण गडबडीत असाल.
ती रुसत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही.
एकदा नावाचा रकाना रिकामा राहिला,
चाकणच्या एका परचेस मॅनेजरना
नुसताच नमस्कार आणि स्वल्पविराम गेला.
त्यांचं उत्तर: "नाव ठाऊक नसल्यास तब्येत विचारू नये."
शाल्मलीने दोन मिनिटांत आभार मानले.

भोसरीचे नामदेव गव्हाणे मात्र
प्रत्येक मेल उघडायचे.
एकदा नाही, नऊ-नऊ, दहा-दहा वेळा.
रात्री अकरा वीस. पहाटे चार पाच.
उघडला की पाच गुण, दरपत्रक पाहिलं की दहा,
हे गणित मीच बसवलेलं.
बेरीज तीनशे चाळीसवर गेली
आणि त्यांच्या नावापुढे लाल ज्वाळा आली.
सर म्हणाले, तवा तापलाय. कोटेशन घेऊन जा.

गेलो. नाशिक फाट्याला बस बदलली.
गाळा नंबर बेचाळीस, शटर अर्धं वर.
आत दोन लेथ, चादरी पांघरलेल्या,
चादरींवर मोर.
लोखंडाचा कीस झाडून कोपऱ्यात लावलेला, गंजून तांबडा.
ऑइलचा वास नव्हता.
वास नसलेलं वर्कशॉप मी पहिल्यांदा पाहिलं.

गव्हाण्यांनी स्टूल पुसून दिलं.
आठ महिने झाले, कंपनीनं काम दुसरीकडं दिलं.
पोरगा म्हणतो, विका.
भंगारवाल्याचा फोन येतो, तो वजन विचारतो.
मग मोबाइल माझ्यापुढे धरला:
"ह्या बाई तेवढ्या तब्येत विचारतात.
झोप नाही लागली की वाचतो.
उत्तर लिहायला घेतो, जमत नाही.
त्यांना सांगा, बऱ्या आहेत दोघी.
रोज हातानं चक फिरवतो, जाम होऊ नये म्हणून."

कोटेशन बॅगेतच राहिलं.
चहा आला, त्याचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.
"शाल्मलीताई किती वर्षं आहेत तुमच्याकडं?"
दीड, मी म्हणालो.
"कामाच्या आहेत. एक मंगळवार चुकवत नाहीत."

परतीच्या बसमध्ये त्यांचं नाव यादीतून काढायला घेतलं.
यंत्राने विचारलं, कारण?
पत्ता चुकीचा. रस नाही. दुसरीकडून खरेदी. इतर.
इतर निवडलं की लिहायला चौकट उघडते.
कासारवाडी गेली, दापोडी गेली,
चौकटीत नुसती काठी लुकलुकत राहिली.
खडकीला मी रद्द दाबलं.

सरांना सांगितलं, तवा गार आहे.
गव्हाण्यांपुरती वेगळी वाट बसवली:
सवलत नाही, दरपत्रक नाही, खाली बटण नाही.
मंगळवार, नऊ दहा, एकच ओळ,
"आज चक फिरवला का?"
सहीपाशी बराच वेळ थांबलो.
मग साठेच राहू दिलं.

परवा उत्तर आलं, त्यांचं पहिलंच.
"फिरवला."
यंत्राने त्याचे पंचवीस गुण धरले.