अस्वलाची घंटी

बॅगेतून ती सगळ्यात शेवटी निघाली, मोज्यात गुंडाळलेली.
सुपारीएवढी, पितळी,
बुडाला चुंबक, नको तेव्हा वाजू नये म्हणून.

"हे का आणली वं?" बयना मोठीआईनं विचारलं.
म्हटलं, तिकडे डोंगरात फिरताना पाठीला बांधतात,
अस्वलाला आधीच कळावं, माणूस येतोय.
ती हसली, खर्र्यानं काळवंडलेल्या दातांनी:
"घंटी त आमी गाईले बांधतो.
मानसाले बांधाचे दिवस आले का?"

तिकडे बाहेर जाणं हे एक काम असतं.
त्याचे बूट वेगळे, जाकीट वेगळं, कपाट वेगळं.
शनिवारी हवामान पाहून आम्ही बाहेर जातो
आणि संध्याकाळी बाहेरून परत येतो.
इथे हा शब्द कधी लागलाच नाही.
दात घासत बोडीपर्यंत, म्हशीमागे धुऱ्याधुऱ्यानं,
अभ्यास बाभळीखाली, भांडण विहिरीवर.
घर म्हणजे भांडी ठेवायची जागा होती.

बाबांना तंबूचं सांगितलं:
चार महिने आधी नोंदणी, जागा क्रमांक सत्तावीस,
रात्रीचे अडतीस डॉलर.
"जमिनीवर झोपाचे?"
एवढंच विचारून त्यांनी बाजेवर कूस बदलली,
त्याच आंगणात, जिथे साठ उन्हाळे ते फुकट झोपत आलेत.

सरपणही विकत मिळतं तिथे, जाळीच्या पिशवीत,
एकसारखं फोडलेलं.
मोठीआईची कुऱ्हाड दोन वर्षं झाली
फॉरेस्टच्या नाक्यावर पडून आहे,
एका मोळीपायी.

पण मी खोटं का बोलू?
सोळाव्या वर्षी दिवेलागणीनंतर बोडीच्या पाळीवर गेले
तर आई तीन दिवस बोलली नव्हती.
मोह वेचायला पहाटे चालायचं, बायकांच्या घोळक्यात.
पण नुसतं चालायला,
काही वेचायचं नाही, कुणाची शिदोरी न्यायची नाही,
असं आमच्यातली बाई कधी निघालीच नव्हती.
ते मी तिकडे शिकले, छत्तीसाव्या वर्षी,
जूनमधल्या रात्री दहाच्या उजेडात.
सुरुवातीला कळायचंच नाही
हातांचं काय करायचं.

आणि जानेवारी? उणे तीस.
खिडकीला कपाळ टेकून बसायचं.
तेव्हा आठवतो इथला मे,
ओल्या गोणपाटामागे दार लावून घेतलेलं गाव,
पाच वाजायची वाट पाहणारं.

आता तर इथलं बाहेरही पहिल्यासारखं नाही.
मागच्या चैतात टेकाडीच्या रामकलाला
मोहाखालीच धरलं वाघानं. टोपली अर्धी भरलेली.
मग पाटी लागली, हिरवी:
एकट्याने जाऊ नये. आवाज करत जावे.
कॅलगरीच्या पश्चिमेला अगदी हेच लिहिलेलं असतं, दोन भाषांत.
तिथे त्या पाटीशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात.
इथे उजाडायची वाट पाहतात
आणि तोवर अर्धी फुलं हरणं खाऊन जातात.

साडेचारला जाग आली ती किणकिणीनं.
टोपलीच्या कडेला घंटी बांधून
मोठीआई निघाली होती, एकटीच.
महागडे बूट पायात कोंबून मी मागे धावले.
पांदण, मग जांभळीचं वळण,
पुढे पुढे तो बारीक आवाज
आणि अचानक काहीच नाही.

मी धापा टाकत पोचले तर ती झाडाखाली उभी,
बोट चुंबकावर.
"हे वाजत रायली त
त्याचा आवाज मी कसा आयकू?"

मग आम्ही दोघीही गप्प राहिलो.
अंधारात टप, थोड्या वेळानं टप,
फुलं पडत होती.
ती कान देऊन उभी होती.
मीही द्यायला लागले, पण मला
नुसती फुलंच ऐकू येत होती.