संधीचे नियम

नोटीस बोर्डावर नवी पिन नव्हती,
म्हणून कागद जुन्याच पिनेत ओवला,
मागच्या मूट कोर्टाच्या निकालासकट:
विधी विद्यार्थ्यांसाठी मेळावा. संधी, मार्गदर्शन, मुलाखती.
शनिवार, साडेनऊ. काळा कोट आवश्यक.

संधी मला आधी व्याकरणात भेटली.
करमाळ्याच्या शाळेत बोराटे सर
फळ्यावर अधिकचं चिन्ह काढायचे: विद्या अधिक अर्थी.
दोन स्वर शेजारी आले
की दोघांनाही थोडं सोडावं लागतं, म्हणायचे,
आणि बोटांवरचा खडू झटकायचे.

कोट तहसीनचा.
तिची वेळ दहा वीस, माझी अकरा दहा,
प्रणोतीची जेवणानंतर.
जिन्यात अदलाबदल झाली. बाह्या अजून गरम होत्या.
खिशात वेलचीची गोळी आणि चिठ्ठी:
पंख्याखाली बसवतात. कागद धरून ठेव.

टेबलामागे तिघं. मुंबईच्या फर्मचा उभा बॅनर,
त्यावर काचेची इमारत
आणि हसणारी माणसं, एकाच्याही हातात फाईल नाही.
विलीनीकरण, लवाद, डेटा संरक्षण.
पाठ केलेलं बोलले. बरं बोलले.
मग मधल्या बाईंनी सहज विचारलं,
घरात कोणी वकील?
नाही, म्हटलं. घरात पक्षकार आहेत.

तिघंही हसले. छान, म्हणाले.
मी विनोद केला नव्हता.

अण्णांच्या गिरणीचा गाळा, मालकाचा दावा, अकरा वर्षं.
आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या आकड्यांशेजारी
कोर्टाच्या तारखा असतात.
सातवीत मी विचारलं होतं, 'जैसे थे' म्हणजे काय?
अण्णा म्हणाले, गिरणी चालू, झोप बंद.

पाण्याच्या जारपाशी एक टेबल होतं.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं: मोफत विधी सहाय्य, शिवाजीनगर.
रांग नव्हती. येत होते ते तहानलेले.
हिर्लेकर वकीलबाई डब्यातलं थालीपीठ खात होत्या,
डाव्या हातानं एक झेरॉक्स पुढे सरकवली. वाच.
रोजनामा. लिपिकाचं अक्षर
म्हणजे शाईत बुडून पळालेल्या मुंग्या.
वादी हजर. प्रतिवादी गैरहजर. साहेब रजेवर.
पुढील तारीख...
न अडखळता वाचलं.
कुठे शिकलीस?
स्वयंपाकघरात.
स्टायपेंड नाही, म्हणाल्या. बसचे पैसे देते,
तेही आठवण केलीस तर.

संध्याकाळी आम्ही तिघी कॉलेजमागच्या टेकडीवर.
कोट प्रणोतीच्या मांडीवर, खिशाजवळ चटणीचा डाग,
कोणाचा ते कोणीच कबूल करेना,
आणि पुरावा तर तिघींनी मिळून शिकलेला.
खाली लॉ कॉलेज रोडचे दिवे लागत होते.
तहसीन म्हणाली, बसच्या पैशांत
शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरतेस का?
माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.
फर्मचा मेल यायचाय,
दर पंधरा मिनिटांनी मोबाईल उघडते
आणि स्वतःलाच नोटीस बजावल्यासारखी बंद करते.

सोमवारी साडेदहा. शिवाजीनगर.
फाटकाशी स्टॅम्पवाले, टायपिंगवाले,
ब्रेडपॅटिसच्या गाडीवर दोन वकील,
एकमेकांविरुद्धचे, एकाच प्लेटमध्ये.
वर पाटी: न्यायालय.
सवयीनं फोडला शब्द: न्याय अधिक आलय.
जोड शोधायला गेलं तर य च्या कान्यात आहे,
एका उभ्या रेघेत. तिथला रंग थोडा उडालाय.

हिर्लेकर बाईंचा पत्ता नव्हता.
बाकावर एक बाई बसली होती,
मांडीवर कापडदुकानाची पिशवी.
माझ्या अंगावर कोट नव्हता, तो हॉस्टेलवर वाळत होता.
तरी ती सरकली, जागा केली,
आणि काही न विचारता
पिशवीतून एकेक कागद काढायला लागली.