लाभ

रात्रीचे अकरा. ग्रिम्सबी. बॅडमिंटनच्या रेघांवर
टेबलं मांडलीत. जाळं उतरवलंय,
खांब तेवढे कोपऱ्यात उभे,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे.

पेट्या आल्या, काळ्या, प्लॅस्टिकच्या.
सील तुटलं. उपड्या केल्या तेव्हा आवाज झाला
हर्णैच्या पुळणीवर टोपली उलटावी तसा,
फक्त कोरडा.

माझ्या शेजारी डेझ्मंड थर्कल.
सतराव्या वर्षी आइसलंडच्या पाण्यात गेलेला,
डाव्या हाताला साडेतीन बोटं,
तरी गठ्ठा बांधतो माझ्याआधी.
पंचवीसचे चार, वर रबरबँड.

बाप भात मापताना पहिल्या मापाला
कधी एक म्हणाला नाही.
लाभ, म्हणायचा. लाभ, दोन, तीन.
मोजण्याची सुरुवात आकड्यानं करू नये,
एवढंच काहीतरी त्यात असावं.

तो उंटरंगी कोटातला उमेदवार
महिनाभर मासळीबाजाराबाहेर क्रेटवर उभा राहून सांगत होता:
मी म्हणजे लोक.
(म्हणजे ऐकणाऱ्यांत उभी असलेली मी कोण,
हे विचारायला माझ्याजवळ क्रेट नव्हता.)

हल्लला संध्याकाळच्या वर्गात
बाईंनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं होतं.
ही जनता, म्हणाल्या. सार्वभौम. हिच्यावर कोणी नाही.
मग खडू तसाच धरून थांबल्या:
पण हे वर्तुळ काढलं कोणी?
तीनशे वर्षांत युरोपनं या प्रश्नाची बरीच उत्तरं दिली,
काही पुस्तकांत, काही चौकात फळी ठोकून, वर पातं टांगून.
वर्ग पुढे गेला. मी अजून
खडू धरलेल्या हाताकडे बघतेय.

पाचामुखी परमेश्वर, म्हणतो आपण.
इथं तो येतो घडी घातलेला,
कोपऱ्यावर चहाचा डाग,
बुटक्या पेन्सिलीनं दाबून केलेली फुली,
इतकी दाबून की कागद फाटलाय.
एकानं सगळ्याच चौकोनांत फुल्या मारल्यात.
एकीनं (अक्षर बाईचं वाटतं)
आठ नंबरची बस परत द्या, असं लिहिलंय, सही न करता.
आणि एका मतपत्रिकेवर, कोटवाल्याच्या चौकोनात,
अख्खा मासा. खवल्यांसकट.

ग्लेनिस औथवेटबाईंनी तो दिव्याखाली धरला.
चारी पक्षांचे प्रतिनिधी बगळ्यासारखे वाकले.
ही थट्टा आहे, एक म्हणाला.
हा पाठिंबा आहे, दुसरा.
डेझ्मंड लांबूनच म्हणाला: हॅडक आहे तो.
खांद्यावरचा काळा ठसा बघा.
बाईंनी चष्मा पुसला.
चौकोन एकच. हेतू स्पष्ट. मासा वैध.

अडीचला चहा. डेझ्मंड कपात बघत म्हणाला,
मी त्यालाच दिलंय.
मग बऱ्याच वेळानं: तुझ्याविरुद्ध म्हणून नव्हे.
मी साखर ढवळत राहिले.
साखर घातलीच नव्हती.

साडेतीनला मात्र मी हे पाहिलं:
कोटवाल्याच्या शंभरात
एक मत दुसऱ्याचं, चिकटून आलेलं.
कोणाच्या लक्षात आलं नसतं.
त्यानं अंगठा ओला केला, तो कागद सोडवला,
आणि न बोलता माझ्याकडे सरकवला.
त्या साडेतीन बोटांबद्दल फळ्यावर
काही लिहिलेलं आठवत नाही.

फरक एकोणीसचा निघाला. बाहेर, पार्किंगमध्ये,
कोटवाला कॅमेऱ्याला सांगत होता,
लोकांचा कौल चोरला जातोय.
आत लोक
दुखणाऱ्या पाठी चोळत होते.

पुन्हा मोजा, औथवेटबाई म्हणाल्या.

गठ्ठ्याचं रबरबँड काढलं. वरचं मत उचललं.
लाभ.
काय म्हणालीस? डेझ्मंडनं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
दोन.