डबीतला कापूस

गोळी कशी घ्यायची हे डॉक्टर सांगतात.
डबीत कापूस कसा भरायचा, ते मी.

महिन्याच्या तीस गोळ्या, पांढरी प्लास्टिकची डबी,
यवतमाळहून मारेगावची एसटी,
खड्ड्याखड्ड्याला डबी बोलते.
शेजारची बाई वाकून पाहते,
लेकराचा खुळखुळा हाय का वं माय?
म्हणून बोंडातला चिमूटभर, सरकी काढून,
वरून अंगठ्यानं दाबायचा.
गप्प बसते मग.
आमच्याकडे कापसाला काय तोटा.

कागदावर माझं काम निराळं लिहिलंय:
बावीस गावं, एक सायकल, हजेरीचं रजिस्टर,
निरोधाचे खोके
आणि एक लाकडी नमुना,
जो बचत गटात पिशवीतून बाहेर निघाला
की पंचफुला कोडापे तोंडाला पदर लावते,
‘हा तं कधी थकतच नसंन!’
बाया लोळून हसतात.
हसणं ओसरलं की एकेक जण
दाराशी येऊन हळूच विचारते,
जे विचारायचं असतं.

आजाराचं नाव इथे घेत नाहीत.
‘थे’ म्हणतात. त्याले थे निघालं. तिच्यात थे हाय.
नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसंच.
बहुतेकींना दोन्ही
एकाच मांडवातून मिळालेलं.

सरकारी दवाखान्यात खोली नंबर सात,
एक्स-रे आणि फिनाइलच्या खोलीच्या मधोमध.
गुणवंता झाडे, जिनिंगवरचा हमाल,
केसांत, भुवयांत कापसाची भुकटी.
बोटातून थेंब दिला आणि सवयीनं
बोट तोंडात घालायला गेला. मी मनगट धरलं.
वीस मिनिटं थांब म्हटलं.
वीस मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाला
तो शिव्या देत बसला.
‘निघालं तं?’
तं गोळी, रोज एक.
‘अन् नाई निघालं तं?’
तं तीन महिन्यांनी पुन्हा ये, आणि बायकोलाही आण.
‘म्हंजे तुमच्यापासून सुटका नाईच.’
नाही बापा. नाही.

शेवंताच्या पोराला परवा अठरा महिने भरले.
शेवटची तपासणी. कोरी.
रिपोर्ट तिला वाचता येत नाही,
तरी उलटासुलटा करून तिनं चारदा पाहिला.
सासूनं तिचा गिलास अजून वेगळाच ठेवलाय,
चुलीमागच्या खिळ्याला टांगून.
मी सहा वेळा समजावलं, चित्रं दाखवली,
स्वतः त्या गिलासातून पाणी प्यायले.
म्हातारी हूं हूं करते. गिलास तिथेच.
पण पोराला तोच गिलास पाहिजे.
दुसऱ्यात पाणी दिलं की भोकाड पसरतं.

आणि हो, डबी माझीही आहे.
नऊ वर्षं झाली. आमच्या बाईंना ठाऊक आहे,
सायकलला ठाऊक आहे, बाकी कोणाला नाही.
दुसऱ्यांना सांगते, घाबरू नको म्हणून,
आणि स्वतःची कापसात गुंडाळून आणते.

गेल्या मंगळवारी कापूस विसरले.
करंजीच्या पुढे रस्ता खोदलेला,
पिशवी मोठ्यानं बोलायला लागली.
मी ती छातीशी घट्ट धरली,
बाजारातून कोंबडी धरून नेतात तशी.
पुढच्या सीटवरची म्हातारी वळली.
नऊवारी, हनुवटीवर गोंदण,
मांडीवर शेवग्याच्या शेंगांची जुडी.
पिशवीकडे पाहत राहिली.
मी उत्तर जुळवून ठेवलं, थायरॉइडची हाय आजी.

ती म्हणाली,
‘तुही किती वाजताची?’

गाडीनं एक खड्डा घेतला, मग आणखी एक.
नऊची, मी म्हणाले.

‘माही आठची. बातम्या लागल्या का घेतो.’

मग जुडीतल्या दोन शेंगा उपसून
तिनं माझ्या ओटीत टाकल्या,
आणि खिडकीबाहेर कोणाच्या तरी तुरीला
नावं ठेवायला लागली,
पेरणी दाट झाली म्हणून.
मारेगाव येईपर्यंत बसमध्ये काहीतरी वाजत होतं.
एक डबी होती का दोन,
मी कान दिला नाही.